जँगोत यूझर तयार होत नाहीये? आधी फॉर्म डॉट एरर्स बघा

साइनअपचं बटण दाबलं, पान परत तसंच समोर आलं, एरर नाही काही नाही आणि डेटाबेसमध्ये यूझरचा पत्ताच नाही, जँगो (पायथनमध्ये वेबसाइट बनवायचं फ्रेमवर्क) नवीन शिकणारे इथे हमखास अडकतात. बहुतेक वेळा फॉर्म व्हॅलिडच नसतो, म्हणजे भरलेली माहिती जँगोच्या तपासणीत पास होत नाही, आणि टेम्प्लेटमध्ये (पानाच्या एचटीएमएलमध्ये) इनपुट हाताने लिहिले असले की एरर दिसायला जागाच नसते. व्ह्यूमध्ये (रिक्वेस्ट हाताळणाऱ्या कोडमध्ये) इज_व्हॅलिडच्या इफला एल्स लावा, त्यात फॉर्म डॉट एरर्स (फॉर्ममधल्या चुकांची यादी) प्रिंट करा, टर्मिनलवर कारण येतंच. कोड उलथापालथ करायच्या आधी एवढं कराच प्लीज.

नेहमीचा घोळ म्हणजे यूझरक्रिएशनफॉर्मला (जँगोच्या तयार साइनअप फॉर्मला) पासवर्ड१ आणि पासवर्ड२ हवे असतात आणि आपण इनपुटचं नेम नुसतं पासवर्ड ठेवतो. दुसरं, टेस्टिंगला १२३४५६७८ टाकतो, ८ अक्षरं भरतात पण नुसते आकडे आणि फारच कॉमन म्हणून व्हॅलिडेटर (पासवर्ड तपासणारा जँगोचा भाग) नाकारतो, आणि ते बरोबरच आहे, व्हॅलिडेटर काढून टाकू नका.

४०३ (परवानगी नाही) एरर आला तर फॉर्ममध्ये सीएसआरएफ टोकन (फॉर्म आपल्याच साइटवरून आलाय याची खूण) आहे का बघा. ऑथ_यूझर टेबल नाही म्हणाला तर मायग्रेट (डेटाबेसमध्ये टेबलं बनवणारी कमांड) चालवायचं राहिलंय. कस्टम (स्वतः बनवलेलं) यूझर मॉडेल असेल आणि ऑथ डॉट यूझर (जँगोचं मूळ यूझर मॉडेल) स्वॅप झालाय असं म्हणत असेल तर जुना यूझर इम्पोर्ट करणं सोडा, गेट_यूझर_मॉडेल वापरा आणि यूझरक्रिएशनफॉर्मवरून आपला फॉर्म बनवून त्याच्या मेटा क्लासमध्ये आपलं मॉडेल द्या.

यूझर दिसतोय पण लॉगिन होत नाही? मग बहुतेक क्रिएट वापरलंय, पासवर्ड हॅश (न वाचता येणाऱ्या रूपात) न होता जसाच्या तसा टेबलात गेलाय. क्रिएट_यूझर वापरा, हे सिक्युरिटीचं आहे, चालढकल नको.

सगळ्यात जास्त छळतो तो इंटिग्रिटी एरर, म्हणजे डेटाबेसचा नियम मोडल्याचा एरर. युनिक कन्स्ट्रेंट फेल्ड (एकदाच चालणारी नोंद दुसऱ्यांदा आली) दिसलं की लोक यूझरनेम बदलत बसतात, पण पुढे टेबलचं नाव असतं ते वाचा. तिथे प्रोफाइलचं (यूझरची जास्तीची माहिती ठेवणारं) टेबल असेल तर बहुतेक पोस्ट_सेव्ह सिग्नल (यूझर सेव्ह झाला की आपोआप चालणारा कोड) प्रोफाइल बनवतोय आणि व्ह्यू पण बनवतोय, एका यूझरला दोन, म्हणून आपटतंय. त्यात यूझर मात्र आधीच सेव्ह झालेला असतो, त्यामुळे परत ट्राय केलं की हे नाव आधीच घेतलंय म्हणतो आणि माणूस अजूनच गोंधळतो. दोनातलं एक काढा, यूझर आणि प्रोफाइल दोन्ही ट्रान्झॅक्शन डॉट अटॉमिकच्या आत घ्या, म्हणजे एक फसलं की दुसरंही मागे फिरेल, आणि अर्धवट राहिलेले यूझर अॅडमिनमधून उडवून मगच परत टेस्ट करा.