कॅससाठीचे कोर्स: आधी तारखांचा हिशेब, मग नोंदणी

'मिळेल तो कोर्स करून ठेवा, कधीतरी कामी येतो.' नव्यानं रुजू झालेल्या सहायक प्राध्यापकाला स्टाफरूममध्ये हमखास मिळणारा हा सल्ला कृपा करून ऐकू नका. कॅस म्हणजे करिअर अॅडव्हान्समेंट स्कीम, प्राध्यापकांच्या पदोन्नतीची योजना, आणि तिला ठरावीकच कोर्स लागतात. फाइलमध्ये डझनभर प्रमाणपत्रं असतात आणि छाननीच्या दिवशी लागणारं नेमकं एक नसतं. वेळ जातो, रजा जाते, पदोन्नतीही लांबते.

आधी नियम हातात घ्या. यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) 2018 ची नियमावली आणि राज्याचा 8 मार्च 2019 चा शासन निर्णय, दोन्हींची प्रत स्वतःजवळ ठेवा. कुणाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचा सारांश त्याऐवजी चालणार नाही.

सहायक प्राध्यापकाच्या सुरुवातीच्या वेतनस्तर 10 वरून 11 वर जायला पीएचडी असेल तर 4 वर्षं, एमफिल असेल तर 5 आणि दोन्ही नसेल तर 6 वर्षं सेवा लागते. सोबत 21 दिवसांचा उद्बोधन वर्ग (ओरिएंटेशन) आणि किमान पाच दिवसांचा एक उजळणी वर्ग (रिफ्रेशर), संशोधनपद्धती कार्यशाळा किंवा एफडीपी, म्हणजे फॅकल्टी डेव्हलपमेंट प्रोग्रॅम, हवी. या पाच दिवसांच्या कार्यक्रमाऐवजी प्रमाणपत्रासह एक मूक्स, म्हणजे सर्वांना खुला ऑनलाइन कोर्सही चालतो. उद्बोधन वर्गाच्या जागी महिनाभराचा 'गुरुदक्षता' म्हणजे फॅकल्टी इंडक्शन प्रोग्रॅम धरला जातो. स्तर 11 वरून 12 साठी पाच वर्षं सेवा आणि किमान दहा दिवसांचे दोन कार्यक्रम लागतात. दहा दिवसांच्या एका कार्यक्रमाऐवजी पाच दिवसांचे दोन चालतात.

आता खरी अडचण. मूल्यांकन कालावधी.

कोर्स चांगला असून भागत नाही, तो त्या टप्प्याच्या कालावधीत पूर्ण झालेला असावा लागतो. उदाहरण घ्या. पीएचडी झालेली व्यक्ती 15 जुलै 2022 ला रुजू झाली. तिची पात्रता 15 जुलै 2026 ला येते, म्हणजे कालावधी 14 जुलै 2026 ला संपतो. तिनं शेवटच्या क्षणी 6 ते 18 जुलै 2026 चा उजळणी वर्ग पकडला, तर पात्रता पुरी होते 18 तारखेनंतर, आणि पदोन्नतीची तारीखही तितकी पुढे सरकते. हे चार-पाच दिवसांवर निभावलं असं समजा. पण तो वर्ग भरला आणि विषयाचा पुढचा वर्ग सहा महिन्यांनी लागला, तर सहा महिने गेले. शिवाय पुढच्या पाच वर्षांची मोजणी या नव्या तारखेपासून सुरू होते. पहिल्या टप्प्यातली ढिलाई अशी पुढच्या प्रत्येक टप्प्यात अंगावर येते.

म्हणून एका कागदावर तीन रकाने आखा: टप्पा, कालावधी सुरू, कालावधी संपला. त्याखाली झालेले कोर्स तारखांसह लिहा आणि प्रत्येकाला एकच टप्पा द्या. तेच प्रमाणपत्र दोन टप्प्यांत दाखवणं हा फाइल परत येण्याचा सरळ रस्ता आहे. स्तर 11 मिळण्याआधी केलेला जादा वर्ग पुढच्या टप्प्यासाठी 'शिल्लक' राहत नाही. एकाच तारखांना दोन ऑनलाइन कार्यक्रम केलेले असतील तर त्यातला एक आताच बाद समजा. माझं ठाम मत: कालावधी संपायच्या किमान एक वर्ष आधी सगळे कोर्स उरकलेले असावेत.

दुसरी खाच नियमात पाच दिवसांच्या कार्यक्रमासाठी येणाऱ्या 'एक आठवडा' या शब्दांत आहे. रोज संध्याकाळी तासभराचं व्याख्यान, असं सात दिवस. याला व्याख्यानमाला म्हणतात. प्रमाणपत्रावर 'एफडीपी' छापलं म्हणून ती एफडीपी होत नाही आणि विषयतज्ज्ञ ते पहिल्या नजरेत ओळखतात. नोंदणीआधी वेळापत्रक मागवा, दिवस आणि तास मोजा. शक्य असेल तर पाच-पाच दिवसांचे तुकडे जोडत बसू नका. पूर्ण दोन आठवड्यांचा उजळणी वर्ग करा. त्यात विषयातलं नवं वाचन होतं, इतर विद्यापीठांतले शिक्षक भेटतात आणि वर्गात शिकवण्यात फरक पडतो. हे सगळं त्यासाठीच आहे.

कोर्स शोधायचा तो सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रापासून. जुनी मंडळी याला अजून अकॅडेमिक स्टाफ कॉलेज म्हणतात, मधल्या काळात ते एचआरडीसी (मनुष्यबळ विकास केंद्र) होतं, 2023 पासून हे नवं नाव. देशभरातल्या केंद्रांचे वर्ग यूजीसीच्या पोर्टलवर दिसतात. ऑनलाइन असेल तर पुण्यातलाच हवा असा हट्ट नको. एनपीटेलचा, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमाचा कोर्स घेणार असाल तर नाव नोंदवणं फुकट असलं तरी प्रमाणपत्रासाठी परीक्षा द्यावीच लागते: असाइनमेंटला 25 पैकी किमान 10 आणि परीक्षेत 75 पैकी किमान 30.

कॅसच्या रकान्यात न बसणाऱ्या संधीही पुण्यात मोठ्या आहेत. भौतिकशास्त्र किंवा खगोलशास्त्र शिकवत असाल तर आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेची व्हिजिटिंग असोसिएटशिप बघा, संस्कृतच्या शिक्षकानं भांडारकर प्राच्यविद्या संस्थेतल्या हस्तलिखितांशी संबंध ठेवावा. एका वर्गापेक्षा अशा नात्यातून कितीतरी जास्त शिकायला मिळतं.

रजा: नियमावलीत अशा प्रशिक्षणांसाठी शैक्षणिक वर्षात कमाल 30 दिवसांची कर्तव्य रजा आहे. अर्ज लेखी द्या, आवक क्रमांक घ्या, तासांची बदली व्यवस्था अर्जातच लिहा. ऑनलाइन वर्ग असला तरी परवानगी घ्याच. 'घरूनच तर होता' हे छाननीत कुणी ऐकत नाही.

प्रमाणपत्र आलं की त्याच दिवशी तपासा: नाव सेवापुस्तिकेप्रमाणे, पासून-पर्यंत तारखा, दिवसांची संख्या, श्रेणी, सही. आडनाव किंवा वडिलांचं नाव चुकलं असेल तर आयोजकांना लगेच कळवा. चार वर्षांनी समन्वयक बदललेला असतो आणि दुरुस्ती कुणी करून देत नाही. परवानगीचं पत्र, कार्यमुक्ती, हजर अहवाल आणि प्रमाणपत्र एकत्र टाचून ठेवा.

अर्ज पात्रतेच्या तारखेच्या आधीच्या तीन महिन्यांत करता येतो, तेव्हाच करा. निकष अपुरे असताना 'बघू, होऊन जाईल' म्हणून फाइल पुढे ढकलू नका. पहिल्या मूल्यमापनात नाकारलं गेलं तर फेरविचार वर्षभरानंतरच होतो, आणि तेव्हा मिळालेली पदोन्नती नकाराच्या तारखेपासून एक वर्षानं धरली जाते.