बर्निना मार्गावर आरक्षणाचा खर्च वाचवा

स्वित्झर्लंडमधील बर्निना एक्स्प्रेस या पर्यटक रेल्वेगाडीमध्ये तिकीट किंवा पास असूनही आसन-आरक्षणाचे वेगळे पैसे भरावे लागतात, आणि हंगामात ते आरक्षण मिळेलच असे नसते.

अशा वेळी सेंट मॉरिट्झहून तिरानोला जाणारी साधी प्रादेशिक गाडी निवडावी. ती त्याच रुळांवरून, २,२५३ मीटर उंचीवरील ओस्पिझिओ बर्निना स्थानकावरून जाते, आरक्षण लागत नाही आणि स्विस ट्रॅव्हल पासही (पर्यटकांसाठीचा प्रवास-पास) चालतो. जाताना उजवीकडे बसावे, कारण मोर्तेराच हिमनदी आणि लागो बियांको तलाव त्याच बाजूला दिसतात. उघडणाऱ्या खिडकीचा डबा मिळाला तर छायाचित्रांत काचेचे प्रतिबिंब येत नाही, आणि माझ्या मते हाच मोठा लाभ आहे.

तिरानो इटलीत असल्याने पासपोर्ट मात्र जवळच ठेवावा.