घामानं सुटणारी पट्टी

पोरीचा डावा डोळा आळशी निघाला, म्हणजे त्यानं कमी दिसायचं, मेंदू चांगल्या डोळ्यावरच भागवायचा. शाळेत आलेल्या पथकानं एकेक डोळा झाकून वाचायला लावलं तेव्हा कळलं. दोन्ही उघडे असले की तिला सगळं नीट दिसायचं. सेवाग्रामच्या दवाखान्यात चष्मा दिला, आणि चांगल्या डोळ्यावर रोज २ तास पट्टी.

वैशाखात पारा ४५ वर. घामानं पट्टी सुटायची, पोरगी ओढून काढायची. मग मी ऊन चढायच्या आत, भुवई-गाल कोरडे पुसून पट्टी कातडीलाच चिकटवू लागले, वरून चष्मा. (काचेवर लावली तर लेकरं कडेनं बघतात.) तेवढ्या वेळात ती आजीजवळ बसून तुरीच्या डाळीतले खडे निवडते, कमजोर डोळ्याला काम हवंच. सात-आठ वर्षांच्या आत उपाय जास्त लागू पडतो, म्हणून शेजारणींनाही सांगते, लेकराचा एकेक डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर वाचून घ्या. आमची आता डाव्या डोळ्यानं तारखेखालची तिथीही वाचते.