बिथरलेल्या किशोरांची कथा लिहिताना या चुका टाळा

ठाणे आणि नवी मुंबई परिसरातील नव्या लेखकांच्या कथांत किशोरवयीन मुलांचे गट, त्यांच्यातील हाणामाऱ्या आणि घरात कोणाचेच लक्ष नसलेला नायक हे आता वारंवार भेटतात. विषय महत्त्वाचा आहे आणि तो तळमळीने हाताळलाही जातो, परंतु यांपैकी बहुतेक कथा एकाच ठिकाणी अडखळतात. घरातील दुर्लक्ष एका प्रकरणात येते, गटांचे वैर दुसऱ्या प्रकरणात येते आणि दोहोंचा सांधा कुठेच जुळत नाही. घराने जे दिले नाही ते गट देतो आणि त्याची किंमत वैरातून वसूल करतो, हा तो सांधा आहे.

सर्वांत मोठी चूक म्हणजे आईवडिलांची अनुपस्थिती आणि त्यांचे दुर्लक्ष या दोन गोष्टी एकच मानणे. वडील वाशीच्या बाजार समितीत माथाडी कामगार असून पहाटे घर सोडतात, आई ऐरोलीत रात्रपाळी करते, एवढे सांगितले की मुलगा वाया जाणारच, असे लेखक गृहीत धरतो. हा कष्टकरी घरांवर अन्यायही आहे आणि मानसशास्त्राच्या दृष्टीने चुकीचेही आहे. जॉन बोल्बी आणि मेरी एन्सवर्थ यांनी मुलांच्या भावबंधांचा जो अभ्यास केला, त्यात भर आहे तो गरजेच्या वेळी मूल हाक मारते तेव्हा त्याला प्रतिसाद मिळतो की नाही यावर. आईवडील किती तास घरात असतात, एवढ्यावर ते ठरत नाही. दुपारी थकून परतलेल्या बापाला मुलाचा उतरलेला चेहरा दिसत असेल, तर त्या घरात दुर्लक्ष नाही. याउलट घोडबंदर रोडवरील एखाद्या मोठ्या संकुलात तिघेही रात्री एकाच टेबलाशी जेवत आहेत, मुलाच्या भुवईवर ताजी खोक आहे आणि वडील भाजीची वाटी पुढे सरकवत एवढेच विचारतात, ‘क्लासची फी भरलीस का?’ हे दुर्लक्ष आहे. त्याच रात्री इमारतीखालच्या कट्ट्यावर गटातला मोठा मुलगा त्याची हनुवटी धरून चेहरा दिव्याकडे वळवतो आणि विचारतो, ‘कोणी मारलं?’ या दोन शब्दांत माया आहे आणि उद्याच्या मारामारीचे आमंत्रणही आहे. हा प्रसंग नीट साधला, तर मुलगा गटात का गेला हे वेगळे सांगावे लागत नाही.

यालाच लागून येणारी चूक म्हणजे दुर्लक्षाचा सगळा भार पूर्वस्मृतीतल्या एकाच प्रसंगावर टाकणे. विसरलेला वाढदिवस किंवा दारू पिऊन मारलेली थप्पड वाचकाला हलवते, पण दुर्लक्षाचे स्वरूप पुनरावृत्तीचे असते. असा प्रसंग कथेत असेल तर तो काढून पाहावा आणि त्याऐवजी एकच उणीव तीन ठिकाणी अगदी लहान आकारात पेरावी. प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही मिळत नाही म्हणून मुलगा ती स्वतः करायला शिकतो. पुढे गटातील इतरांच्याही सह्या तो करून देतो. आणि त्या कसबामुळे त्याला गटात स्थान मिळते. घरातील पोकळी आणि बाहेरची प्रतिष्ठा तिथे एकाच कृतीत दिसतात.

वैराच्या बाबतीत लेखक उगाचच मोठे कारण शोधतात. जुनी खुन्नस, खून, गावठाण विरुद्ध सेक्टर (म्हणजे मूळ गाव विरुद्ध नव्याने वसवलेली वस्ती) अशा सरसकट जोड्या यांपैकी कशाचीच गरज नसते. समाजमानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ब्रिस्टलमधील १४-१५ वर्षांच्या शाळकरी मुलांना क्षुल्लक निमित्ताने दोन गटांत विभागून इतरांना पैसे वाटून द्यायला सांगितले होते. तरीही दुसऱ्या गटापेक्षा वरचढ ठरण्यासाठी आपल्या गटाचा प्रत्यक्ष लाभ कमी करून घेण्याकडे त्यांचा कल दिसला. म्हणून टर्फवरची संध्याकाळची वेळ किंवा दहीहंडीच्या सरावात वरच्या थरावर कोणी चढायचे, एवढे कारण कथेला पुरते. मात्र ते नेमके असावे आणि प्रत्येक हाणामारीत त्याचा माग लागावा.

समेटाचे प्रसंगही फसतात, कारण क्षुल्लक कारणाने पेटलेले वैर तितक्या सहज विझत नाही. समाजमानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शरीफ यांनी १९५४ साली अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात एका शिबिरात २२ मुलांचे दोन गट करून त्यांच्यात स्पर्धा लावली. वैर पेटल्यावर त्यांना नुसते एकत्र जेवायला बसवले, तेव्हा त्यांनी एकमेकांवर अन्नच फेकले. पाणीपुरवठा बंद पडण्यासारख्या, दोन्ही गट राबल्याशिवाय न सुटणाऱ्या अडचणी पुन्हा पुन्हा आल्यावरच कटुता हळूहळू ओसरली. त्यामुळे गणपतीच्या मंडपात एका पंगतीला बसून मने जुळल्याचा शेवट पटत नाही आणि शिक्षकांच्या एका भाषणाने आलेले परिवर्तन तर त्याहूनही कमी पटते.

मुलींना केवळ भांडणाचे कारण म्हणून आणू नये; त्यांचेही गट असतात, आणि तिथे शिक्षा बहुधा वगळण्याने दिली जाते.

शेवटची चूक माहितीची आहे, पण ती कथेचा कणाच मोडते. पंधरा वर्षांच्या नायकाला हातकड्या घालून कोठडीत टाकल्याचे दृश्य सर्रास लिहिले जाते. बालन्याय अधिनियम, २०१५ नुसार १८ वर्षांखालील मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. प्रवासाचा वेळ वगळता २४ तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळापुढे हजर करावे लागते. पालकांना कळवून त्यांनाही मंडळापुढे बोलावले जाते आणि परिवीक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) मुलाच्या घरच्या परिस्थितीचा सामाजिक तपासणी अहवाल तयार करतो. कोठडीच्या दृश्यापेक्षा हा प्रसंग कितीतरी अधिक देऊ शकतो, कारण मुलगा संध्याकाळी कुठे असतो, त्याचे मित्र कोण, शाळेत शेवटचा कधी गेला, हे प्रश्न तिथे वडिलांना विचारले जाणार असतात आणि मुलगा शेजारीच बसलेला असतो. त्यांतील कोणत्या प्रश्नाचे उत्तर वडिलांना देता येईल, हे आधी ठरवून मगच तो प्रसंग लिहायला घ्यावा.