हनोई आणि सायगाव स्वतःच्या पायांनी फिरायचं असेल तर

व्हिएतनामला आता आपल्याकडची भरपूर मंडळी जायला लागलीत, मुंबईहून थेट विमान आहे, खर्चही झेपतो. पण पॅकेजवाले आठवड्यात पाच शहरं दाखवतात आणि माणूस बसच्या काचेतूनच देश बघून परत येतो. मला मनापासून वाटतं की दोनच शहरं घ्यावीत, उत्तरेत हनोई आणि दक्षिणेत सायगाव, आणि ती पायी फिरावीत. कसं ते सांगतो.

१. व्हिसा आणि तारखा

ई-व्हिसा सरकारी साइटवरूनच काढा, सर्च केल्यावर वर दिसणाऱ्या बऱ्याच साइट एजंटच्या असतात आणि जास्त पैसे घेतात. सिंगल एन्ट्रीचे २५ डॉलर. ऑगस्ट २०२३ पासून तो ९० दिवसांपर्यंत मिळतो. फॉर्ममध्ये दोन ठिकाणी नीट बघा. आपल्या पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं, ते जसंच्या तसं भरा, गाळू नका. आणि एन्ट्री पॉइंट म्हणून ज्या विमानतळावर उतरणार तोच निवडा.

२१ जानेवारी ते २० फेब्रुवारी या काळात कधीतरी त्यांचं नवं वर्ष येतं, तेत. दरवर्षी तारीख बदलते. तेव्हा दुकानं बंद, गाड्या फुल्ल, सगळे गावाला. पहिल्या ट्रिपला तो आठवडा टाळा.

२. नोटांची सवय करून घ्या

हिशोब सोपा आहे, ३०,००० डोंग म्हणजे साधारण १०० रुपये. पण २०,००० ची नोट निळी आणि ५ लाखांचीही निळीच, म्हणजे एक ६५ रुपयांच्या आसपासची आणि दुसरी दीड हजाराच्या वरची, आणि रात्री फुटपाथवर मिणमिणत्या दिव्यात घाईने दिली की कोणती दिली ते लक्षात पण येत नाही. मोठ्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवा. रस्त्यावर खायला छोट्या नोटाच लागतात.

३. राहायचं कुठे

हनोईत ओल्ड क्वार्टर, होआन कीएम तलावाच्या आसपास. एकेका गल्लीत एकेक धंदा अशी ही जुनी वस्ती आहे, हांग बाकला चांदीवाले, हांग गाईला रेशीम, हांग माला कागदाच्या सजावटी. सायगावचं कागदोपत्री नाव १९७६ पासून हो ची मिन्ह सिटी असलं तरी बोलताना लोक सायगावच म्हणतात, तिथे पूर्वीच्या डिस्ट्रिक्ट वन किंवा थ्रीच्या भागात बघा.

पत्ता ४५/१२ असा तिरक्या रेघेचा असला तर ४५ नंबरपाशी आत बोळ शिरते आणि घर त्या बोळात आहे असं समजा. असं हॉटेल मुद्दाम घ्या. मेन रोडचे हॉर्न तिथे पोचत नाहीत आणि सकाळी दारातच कोणीतरी नाश्ता विकत असतं.

४. रस्ता ओलांडणं

हे आधी शिकून घ्या कारण यावाचून काहीच होणार नाही. स्कूटर येतच राहतात, अंतहीन, गॅप मिळायची वाट बघाल तर उभेच राहाल. करायचं असं: कार, बस, ट्रक आधी जाऊ द्या, ते तुमच्यासाठी वळणार नाहीत. फक्त दुचाकी राहिल्या की पाऊल टाका आणि एकाच संथ चालीने चालत राहा, ओढ्याच्या पाण्याने दगडाला वळसा घालावा तशा स्कूटर तुमच्या बाजूने निघून जातात. पळायचं नाही, मधेच थांबायचं नाही, आणि मागे तर अजिबात फिरायचं नाही, कारण समोरचा तुमची चाल बघून आपला रस्ता ठरवत असतो आणि तुम्ही चाल बदललीत की त्याचा अंदाज चुकतो. मुलांचा हात धरा. पहिल्या वेळी एखाद्या स्थानिक आजींच्या शेजारून चाला.

५. दिवस त्यांच्या वेळेने लावा

पहाटे पाच-साडेपाचला होआन कीएमला जा. तलावाभोवती व्यायाम, बॅडमिंटन, गाणी लावून बायकांचे ग्रुप डान्स, सगळं चालू असतं आणि आठपर्यंत आटोपतं. दुपारी ऊन चढलं की लोक स्वतःच्याच दुकानात आडवे होतात, तुम्हीही व्हा. संध्याकाळी परत बाहेर. शुक्रवार संध्याकाळपासून रविवार रात्रीपर्यंत तलावाभोवतीचे रस्ते गाड्यांना बंद असतात, तुमचा शनिवार-रविवार हनोईत पडेल असं बघा.

हो ची मिन्ह या व्हिएतनामच्या नेत्याची हनोईतली समाधी फक्त सकाळी उघडी असते, सोमवारी आणि शुक्रवारी बंद, शिवाय वर्षातून काही आठवडे देखभालीसाठी बंद ठेवतात. खांदे-गुडघे झाकलेले कपडे घाला.

६. शाकाहारी असाल तर

अडचण मांसाची कमी आणि फिश सॉसची जास्त आहे. नुसती भाजी मागितली तरी त्यात तो पडतो, त्यांच्या हिशोबाने ती भाजीच. त्यामुळे "नो मीट" म्हणून भागत नाही, "आन चाय" म्हणा, म्हणजे मी शाकाहारी जेवतो. तेवढंच व्हिएतनामी भाषेत लिहिलेलं फोनमध्ये सेव्ह करून दाखवा, कारण उच्चार चुकतात. पाटीवर "कोम चाय" असेल तिथे बिनधास्त शिरा, ताटात भात आणि समोर दिसणाऱ्या भाज्या, टोफू बोटाने दाखवून घ्यायच्या.

बौद्ध परंपरेत चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी बरेच लोक शाकाहार करतात, म्हणजे आपल्या कालनिर्णयात अमावास्या-पौर्णिमा बघून गेलात तर त्या दिवशी जास्त गाड्यांवर शाकाहारी खाणं मिळेल. काटेकोर ठिकाणी कांदा-लसूणही नसतो, जैन मंडळींनी हे जरूर विचारावं.

सकाळी चिकट भात मिळतो, सोय नावाचा, वर पिवळ्या मुगाचा थर, मस्त लागतो, पण वरचा तळलेला कांदा आणि चरबी नको म्हणून आधीच सांगा. आणि अंडं चालत असेल तर हनोईत अंड्याची कॉफी प्याच. १९४६ मध्ये दुधाची टंचाई होती म्हणून मेट्रोपोल हॉटेलात काम करणाऱ्या ग्युएन व्हान यांग यांनी अंड्याचा बलक फेटून वर घातला, त्यांचं कॅफे यांग अजून चालू आहे. खूप छोटी बोळ आहे, नीट बघत जा.

७. पायांना विश्रांती हवी तेव्हा

ग्रॅब हे टॅक्सी आणि बाइक-टॅक्सी मागवायचं ॲप टाका, भाडं आधी कळतं आणि कॅश चालते. एकटे असाल तर बाइक घ्या, हेल्मेट देतात. हनोई विमानतळावरून ८६ नंबरची बस थेट ओल्ड क्वार्टरला येते. सायगावात २२ डिसेंबर २०२४ ला पहिली मेट्रो सुरू झाली, बेन थान ते सुओई तिएन, जवळपास २० किलोमीटर, १४ स्टेशनं.

सायगावात फोन जपा. स्कूटरवरून हिसकावून नेतात. मॅप बघायचा तर दुकानाच्या आत शिरून बघा, कडेला उभं राहून नको.

८. हनोईहून सायगाव

रेल्वेने १७२६ किलोमीटर, तीस तासांच्या वर लागतात, विमानाने दोन. सगळं रेल्वेने करायचा हट्ट नको, पण मधे दोन दिवस काढता आले तर ह्युए ते दा नांग एवढा तुकडा दिवसा रेल्वेनेच करा, तीनेक तास लागतात आणि हाय व्हानच्या घाटात रूळ समुद्राला अगदी खेटून जातात. दक्षिणेकडे जाताना समुद्र डाव्या हाताला येतो, सीट तशी बुक करा.