लोकांना झाडं दाखवायला फेरीवर न्यायचं असेल तर काटेरी झाडापासून सुरुवात करा

वड-पिंपळ सगळ्यांना येतात, त्यांच्यापाशी वेळ घालवू नका. सोलापुरातून बार्शी रोडला लागलं की बांधावर, ओढ्याकाठी काटेरी झाडं दिसतात आणि बरोबरचे लोक सगळ्यांनाच ‘बाभूळ’ म्हणून मोकळे होतात. मी तिथंच थांबवते.

आधी खोड बघायला सांगा. बाभळीची साल काळपट, उभ्या भेगांची. दुसरं काटेरी झाड हिवर, त्याची साल फिकट, पिवळसर, लांबूनच उठून दिसणारी. बाभळीचं फूल पिवळंधमक, गोंड्यासारखं. हिवराची फुलं मळकट पांढरी, पावसाळ्यात फांद्यांच्या टोकाला झुबक्यांनी येतात. शेंग हातात द्या: बाभळीची प्रत्येक दोन बियांमध्ये आवळलेली असते. तिसरी वेडी बाभूळ. तिचं फूल गोल नसतं, लांबट तुरा असतो. ही अमेरिकेतून आलेली. जनावरं गोड शेंगा खातात, शेणातून बी पसरतं आणि बघता बघता गवताची जागा जाते. एवढी तीन झाडं लोकांना नीट ओळखता आली तरी फेरी सार्थकी लागली.

वाटेत मेंढरं भेटली तर धनगरमामांना विचारा. कुठल्या झाडाचा पाला शेरडं आधी ओरबाडतात हे त्यांच्याइतकं कोण सांगणार?

पुढे नान्नजचं माळढोक पक्षी अभयारण्य, १९७९ सालचं. वनखात्याची परवानगी आधी काढा, पायवाट सोडू देऊ नका. इथं झाडं विरळ, आणि ती तशीच हवीत. माळढोक जमिनीवरच अंडं घालतो, बहुधा एकच. त्याला चहूकडे नजर पोचेल असं मोकळं रान लागतं. काळवीटही असाच मोकळ्यावरचा. म्हणून या माळाला पडीक म्हणणं मला सहन होत नाही.

दिवाळीच्या सुमारास गेलात तर पायमोज्यात गवताची कुसळं घुसतील. त्यातलं एक वाळलेलं कुसळ मुलांच्या तळहातावर ठेवा, वर थेंबभर पाणी सोडा. पीळ उलगडतो आणि कुसळ हळूहळू फिरायला लागतं. बी मातीत शिरतं ते याच फिरकीनं. मुलं हे घरी जाऊन पुन्हा करतात.

सकाळी साडेसहाला निघा, ऊन चढायच्या आत परता. पायात बूट हवेत, बाभळीचा काटा चपलेतून आरपार जातो.

फेरी संपताना कुणीतरी हमखास म्हणतं, ‘इथं रोपं लावूया का?’ माळावर नको, असं स्पष्ट सांगा. कडुनिंब दारात लावा, हिवर-बाभूळ शेताच्या बांधावर.