हळकुंडाचा पिवळा: पेंटिंगमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी माझा अनुभव

मी सांगलीची. आई मार्केट यार्डात हळद निवडायला जायची, गड्डे वेगळे, हळकुंडं वेगळी, आणि शाळा सुटली की मी तिथंच पोत्यावर बसून वहीत काहीतरी काढत बसायचे. संध्याकाळी आईचे हात कोपरापर्यंत पिवळे, नखांच्या कडेला तर पार केशरी, दोनदा साबण लावला तरी जायचं नाही. हे इतकं रोजचं होतं की ह्यात चित्राचा विषय असेल असं कधी वाटलंच नाही. ड्रॉइंगच्या इंटरमिजिएट परीक्षेत मेमरी ड्रॉइंगला (आठवणीतून चित्र काढायच्या पेपरला) मी समुद्रकिनारा काढला, जो तोपर्यंत पाहिलाही नव्हता!

मग मुंबईत आर्टला अ‍ॅडमिशन मिळाली. दुसऱ्या वर्षी हिंमत करून आईचे हात रंगवले तर एका सरांनी सगळ्या वर्गासमोर सांगितलं, हे घरगुती आहे, ह्यात विचार दिसत नाही. मी तो पेपर गुंडाळून ट्रंकेत टाकला आणि वर्षभर बाहेर काढला नाही, आजही आठवलं की वाईट वाटतं.

स्टडी टूरला दिल्लीला गेलो तेव्हा नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्ये अमृता शेरगिलची चित्रं समोर उभं राहून बघितली. बुडापेस्टला जन्मलेली, पॅरिसमध्ये शिकलेली, १९३३ मध्ये तिथल्या सलोनचं, म्हणजे मोठ्या चित्रप्रदर्शनाचं, सुवर्णपदक मिळवलेली मुलगी, तिला तिकडे काय कमी होतं? तरी १९३४ च्या शेवटी ती भारतात आली, पुढे अजिंठा बघितलं, दक्षिणेत फिरली आणि १९३७ मध्ये ‘ब्रह्मचारी’ हे चित्र केलं. पाच मुलं नुसती बसलीत, बाकी काही घडत नाही, पण त्या अंगांचा तपकिरी आणि धोतरांचा पांढरा बघून मी हललेच नाही तिथून. अवघ्या २८ व्या वर्षी गेली ती. परत आल्यावर सगळ्यात आधी ती ट्रंक उघडली.

आता कामाचं सांगते. हळदीचा पिवळा ट्यूबमधून थेट येत नाही, क्रोम यलो लावला की प्लास्टिकसारखा दिसतो. मी वॉटरकलरमध्ये आधी यलो ऑकरचा (मातकट पिवळ्याचा) पातळ वॉश, म्हणजे भरपूर पाणी घातलेल्या रंगाचा थर देते, पूर्ण वाळू देते (घाई केली की चिखल होतो) आणि वरून गँबोज, म्हणजे उबदार गडद पिवळा. सावलीला काळा अजिबात नको, पिवळ्यात काळा मिसळला की हिरवट होतो, त्याऐवजी बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी) किंवा किंचित जांभळा घ्या. वॉटरकलर वाळल्यावर फिका पडतो म्हणून ओला असताना थोडा जास्तच गडद ठेवा. पेपर ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड घ्या, महाग पडतो मान्य आहे, मग छोटा तुकडा कापून वापरा पण पातळ पेपरवर वॉश शिकायला जाऊ नका, सगळा फुगतो आणि आपल्याला वाटतं आपलाच हात वाईट आहे.

स्केचिंग रोज करा, एसटी स्टँडवर, भाजीबाजारात, दोन-दोन मिनिटांचं. माणसं हलतात, हलू द्या. आणि घरातल्यांचे हात काढा, ते आपल्याला न बघता पाठ असतात.

अजून एक, मी एकदा खरी हळदच पाण्यात कालवून लावली होती. काय सुंदर रंग आला! पण खिडकीशी टांगलेलं ते चित्र बघता बघता उडून गेलं, हळद उन्हात टिकत नाही. तेव्हापासून ट्यूब घेताना तो रंग उजेडात किती टिकतो हे लेबलवर आधी बघते, विकायच्या चित्रासाठी तर हमखास.